भागोजीकाका ऐकतायत

कुठल्याही ऑफिसात शिरलं की भागोजीकाका आधी खुर्ची मागतात. ती भिंतीला टेकवतात, चपला काढून खुर्चीखाली नीट लावतात आणि डोळे मिटतात. मग दोन-तीन तास ते तसेच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा झोपला. दुसऱ्या तासाला वाटतं, म्हाताऱ्याला बरं नाहीये. मग कुणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन जवळ जातं, हळूच खांद्याला हात लावतं. काका डोळे न उघडता म्हणतात, "काय नाय. ऐकतोय."

हे माझे सहकारी. महाडला माझी सॉफ्टवेअरची कंपनी आहे. कंपनी म्हणजे बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक मी आणि सत्तरीला टेकलेले भागोजी उतेकर. काकांना कॉम्प्युटर चालू करता येत नाही. बंद करता येतो, तोही पायात वायर अडकली तर.

काका मूळचे पोलादपूर तालुक्यातले. कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी पंपघरात काढली. माझे बाबा त्याच कारखान्यात स्टोअरला होते, म्हणून ते माझे काका. पंपघरात एका ओळीत सात पंप, आणि आवाज एवढा की दोन माणसांनी खुणांनीच बोलायचं. त्या गोंगाटात काका स्टुलावर बसून डोळे मिटायचे आणि चौथ्या पंपाचं बेअरिंग या आठवड्यात जाणार, असं सांगायचे. ते जायचंच.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगतात. एकदा नवा पंप आला, सोबत दिव्यांचं पॅनेल आलं. पंप नीट चालत असेल तर हिरवा दिवा. दिवा हिरवाच होता. काका म्हणाले, हा हवा ओढतोय. साहेबांनी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "साहेब, दिवा बरोबर हाय. पंप चुकतोय." उघडून बघितलं तर पाइपाच्या जोडाला केसाएवढी फट होती.

मी पुण्यात आठ वर्षं एका मोठ्या कंपनीत नोकरी केली आणि मग महाडला परत आले. तेव्हा माझी पक्की समजूत होती की इथल्या गिरण्यांना, वखारींना, दवाखान्यांना कमतरता आहे ती फक्त चांगल्या सॉफ्टवेअरची. ते एकदा बसवलं की सगळं कसं आपोआप वाहायला लागेल.

काका माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते एस.टी.ला वेळ होता म्हणून. बँकेत हयातीचा दाखला द्यायला ते महाडला आले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करून झाल्यावर हातात दीड तास उरला होता. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि माझे फोन करत राहिले. काका डोळे मिटून बसले. निघताना दारात थांबले.

"बाय, तुझा पंखा खडखडतोय."

"हो काका, दुरुस्त करायचाय."

"तो खडखडतो म्हणून तू फोनवर मोठ्यांदा बोलतेस. पलीकडल्याला वाटतं, ही भांडतेय. तिघांनी फोन मधीच ठेवला."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त करून घेतला, आणि खरंच, त्या महिन्यापासून माणसं माझ्याशी पुढचं वाक्य बोलायला लागली. मग मीच काकांना निरोप धाडला की आठवड्यातून तीन दिवस या. त्यांच्यासाठी व्हिजिटिंग कार्डं छापली. त्यावर लिहिलं, "कार्यपद्धती सल्लागार". काकांनी कार्ड लांब धरून वाचलं आणि विचारलं, "ह्यो कोण?" वाडीत ते अजूनही सांगतात, कॉम्प्युटरच्या हापिसात ऐकायला जातो.

त्यांच्या ऐकण्याचा माझ्या धंद्याला नेहमी उपयोगच होतो असं नाही. नदीपलीकडे एक पोह्यांची गिरणी आहे. तिथे भाताच्या गाड्यांची रांग लागायची, म्हणून मालकांना वजनकाट्यापासून पावतीपर्यंत सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. मी सुंदर आराखडा केला होता. काका तीन दिवस काट्याशेजारी पोत्यावर बसले. चौथ्या दिवशी मालकांना म्हणाले, "तुमचा कारकून काट्यापासनं पावतीच्या टेबलापर्यंत बावीस पावलं जातो नि बावीस येतो. येताना हळू येतो. त्याची उजवी चप्पल तुटलेय." मालकांनी टेबल उचलून काट्याजवळ ठेवलं आणि कारकुनाला नव्या चपला घेऊन दिल्या. रांग संपली. माझा आराखडाही संपला.

परतताना मी गाडी चालवत होते. काका म्हणाले, "बरं झालं ना त्याचं?"

"त्याचं झालं."

"मग?" असं म्हणून त्यांनी गाडीत पुन्हा डोळे मिटले.

एका पतपेढीत मात्र काका खरोखरच झोपले. घोरायला लागले. कर्मचारी तोंडाला रुमाल लावून हसत होते, मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. दुपारी चारला काका उठले, दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि मॅनेजरना म्हणाले, "तुमच्याकडं काय चुकत नाय. इतकी चांगली झोप लागली म्हंजे काम सुरात हाय. काय बदलू नका." मॅनेजरनी ते वाक्य वार्षिक सभेत वाचून दाखवलं म्हणे.

काकांचं म्हणणं असं, की प्रत्येक जागेच्या कामाला आपला एक आवाज असतो. "कॉम्प्युटर आणायचा तर त्या आवाजात बसला पायजे गो. नायतर तो एकटाच बोलत राहतो." पुण्यातल्या कंपनीत हेच आम्हाला तीन दिवसांच्या शिबिरात, जेवणासकट शिकवलं होतं. व्यवसायाची घडी आणि माहिती तंत्रज्ञान एकमेकांशी जुळलं पाहिजे वगैरे. मी वहीभर टिपणं काढली होती. पण ते जुळलंय की नाही हे ओळखायचं कसं, ते शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

आमची खरी परीक्षा झाली ती दिलीपशेठच्या पार्सल सेवेत.

आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतं, आणि गावात राहिलेल्यांना त्यांच्यासाठी सतत काहीतरी पाठवायचं असतं. नवे तांदूळ, नाचणीचं पीठ, कुळीथ, आंबोशी, अख्खा फणस, बरणीतलं लोणचं. दिलीपशेठचे चार टेम्पो हे सगळं महाड-पोलादपूरहून रोज मुंबईला नेतात. तिथे एका गोदामात माल उतरतो आणि सुभाष नावाचा त्यांचा जुना माणूस दोन सोबत्यांना घेऊन तो घरोघर पोचवतो. वडिलांच्या वेळेपासून हे सगळं एका लांबट वहीवर चाललं होतं. दिलीपशेठ मला म्हणाले, "मॅडम, एकदम मोठ्या कंपन्यांसारखं करून द्या."

मी करून दिलं. काकांना आधी ऐकायला बसवलं नाही. घाई होती, आणि खरं सांगायचं तर पोह्यांच्या गिरणीची आठवण अजून ताजी होती. प्रत्येक पार्सलला नंबर दिला. तळहाताएवढा पांढराशुभ्र स्टिकर, त्यावर पत्ता आणि काळा ठिपक्यांचा चौकोन. पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज. दिलीपशेठच्या टेबलासमोर भिंतीवर मोठा पडदा लावला. त्यावर पार्सलं हिरवे ठिपके होऊन घाट-खाडी ओलांडत मुंबईकडे सरकायची. पहिला आठवडा दिलीपशेठ त्या पडद्यासमोरून हलले नाहीत. जेवणाचा डबासुद्धा तिथेच मागवला.

दोन महिन्यांत मुंबईच्या गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. पोत्यांवर पोती चढली. फणस पिकून फुटले. लोक दुसऱ्या गाड्यांनी सामान धाडायला लागले. पडद्यावर मात्र सगळे ठिपके हिरवे होते.

पोलादपूरच्या काउंटरवर रेखा नावाची बाई बसते. तिचा मला फोन आला. "ताई, इथं एक मावशी रोज येते. भांडत नाय हो. भांडली असती तर बरं झालं असतं. बाकावर बसते नि इचारते, पोचलं का? मी मशीन बघून सांगते, पोचलं. मग ती तिचा मोबाइल दाखवते. त्यात पण लिवलंय, पोचलं. मग म्हणते, पोरीला तर नाय मिळालं." मावशीच्या मुलीचं मुंबईला बाळंतपण झालं होतं. मावशीने डिंकाचे लाडू धाडले होते. त्याला नऊ दिवस झाले होते.

त्याच संध्याकाळी दिलीपशेठनी सांगितलं, "मॅडम, सोमवारी मी हे सगळं काढून टाकतोय. आपली वही बरी." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानेच मला धडकी भरली. ते माझं सगळ्यात मोठं काम होतं आणि साऱ्या बाजारपेठेला ते माहीत होतं. ते निघालं असतं तर मला खोल्या सोडून पुन्हा पुण्याची वाट धरावी लागली असती. मी काकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी 'मला आधी का नाय बसवलंस' असं काहीही म्हटलं नाही. म्हणाले, "मला पोलादपूरच्या बाकावर सोड."

शनिवारी सकाळी मी काकांना कापड्याहून गाडीत घेतलं आणि आम्ही निघालो. धुकं इतकं खाली उतरलं होतं की सावित्रीचं पात्र नुसतं असल्यासारखं वाटत होतं, दिसत नव्हतं. रस्त्याकडेची झाडं एकेक करून पुढे यायची आणि मागे विरघळायची. पोलादपूर स्टँडजवळच्या त्या बैठ्या ऑफिसात पिवळा दिवा लागला होता. बाकावर मावशी आधीच येऊन बसली होती. काका तिच्या शेजारी बसले, चपला बाकाखाली लावल्या आणि डोळे मिटले. मीही दुसऱ्या टोकाला बसले. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मीही डोळे मिटले.

थोड्या वेळाने ती खोली बदलली. दारातून एस.टी.चे आवाज कापसातून यावेत तसे यायला लागले. माणसं आत येत होती, पोतं धप्पकन जमिनीवर टेकत होतं, आणि मग प्रत्येक जण बोलायला लागायचा. आमचा संतोष, आमची विमल, आमचा धाकटा. मोठा लांब, संथ बोलण्याचा ओघ. त्यात मधूनच कळफलकाची टकटक. मला ते ऐकताना गुंगी आली. कुठे काही चुकतंय असं मला तरी ऐकू आलं नाही.

बाराच्या आत काकांनी डोळे उघडले.

"गो रेखा, तू आधी काय लिहितेस?"

"कुठं काय, काका?"

"लिहितेस. कीक कीक वाजतं. मग त्याच्यावर थाप मारतेस. लिहायचं नि वर थाप मारायची, ही कसली पद्धत?"

रेखाचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे बघितलं. "ताईंनी सांगितलंय, स्टिकर मधोमध लावायचा. दिसला पायजे."

मी उठून काउंटरमागे गेले. तिथे एक पोतं स्टिकर लावून तयार होतं. काकांनी अंगठ्याच्या नखाने त्याचा कोपरा उचलला आणि स्टिकर हळूहळू सोलला. खाली निळ्या मार्करने, रेखाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: मंगळवारी द्या. दुकानावर. खोलीला कुलूप असतं.

दुसरं पार्सल सोललं. त्याखाली: जिना मोडलाय, खालून हाक मारा. तिसरं: मोठ्या भावाला सांगू नका.

"लोक सांगतात ते मी लिहिते," रेखा म्हणाली. "पहिल्यापासनं लिहिते. पत्ता काय, पत्ते सुभाषदादाला पाठच हायत."

मी ते सोललेले स्टिकर हातात धरून उभी राहिले. ज्याच्यावर सगळी पार्सल सेवा चालत होती, नेमकं त्याच्यावरच मी दोन महिने कागद चिकटवत होते. प्रत्येक स्टिकरच्या तळाला बारीक अक्षरात माझ्या कंपनीचं नाव होतं.

काका मावशीकडे वळले. "तुम्ही काय सांगितलं होतं ओ?"

मावशी पहिल्यांदाच भरभरून बोलली. "पोर सासरी नाय, नणंदेकडं हाय. चाळ तीच, पण मागल्या दारानं जायचं. पुढल्या दारात कुत्रा हाय. माणूस बघितला की भुंकतो, नि बाळ उठतं. एवढं सांगितलं होतं मी."

एवढं तिने सांगितलं होतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये त्याला कुठे जागाच नव्हती. सुभाष दोनदा सासरच्या खोलीवर जाऊन कुलूप बघून परतला होता. मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, त्या डब्यावरचा स्टिकर काढा. फोनमधून कागद सोलल्याचा आवाज आला. मग सुभाष म्हणाला, "अरे देवा. मला वाटलं, मशीन आल्यापासनं लिहिणंच बंद झालं. हे तर त्याच चाळीत, मागल्या दारानं."

तासाभराने मावशीचा मोबाइल वाजला. मुलगी होती. मावशी खूप वेळ नुसतं ऐकत राहिली. रेखा, मी, काउंटरवरची चार माणसं, सगळे तिच्याकडे बघत होतो. शेवटी मावशीने एकच प्रश्न विचारला, "कुत्रा भुंकला काय गो?" उत्तर ऐकून तिने समाधानाने मान हलवली, पिशवी उचलली आणि निघून गेली.

परतीच्या वाटेवर काका खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "बाय, पोचलं म्हंजे कुठं गो? भिंतीपाशी का माणसापाशी?"

माझ्या कॉम्प्युटरच्या लेखी पार्सल गोदामाच्या भिंतीपाशी टेकलं की पोचलं होतं.

रविवारचा सगळा दिवस मी ते सॉफ्टवेअर उसवून पुन्हा शिवलं. काका शेजारी बसून होते. मी एक नवी चौकट घातली आणि तिला नाव काय द्यावं म्हणून विचारलं. काका म्हणाले, "सांगणं." तेच ठेवलं. सवयीने मी त्या चौकटीला साठ अक्षरांची मर्यादा घातली. काकांनी विचारलं, "माणूस साठ अक्षरात बोलतो काय?" मर्यादा काढली. रेखाला सगळं टाइप करत बसायला नको म्हणून काउंटरवर असा फोन ठेवला, की माणसाने बोलावं आणि अक्षरं आपोआप उमटावीत. स्टिकरवर आता ते सांगणंच ठळक छापलं, पत्ता बारीक. 'पोहोचले' हा शब्द काढून टाकला. त्याच्या जागी तीन शब्द आले: गोदामात आलं, निघालं, हातात दिलं.

सोमवारी दिलीपशेठ जुनी वही काढूनच बसले होते. मी म्हटलं, फक्त दोन तास द्या. त्यांनी हाताची घडी घातली. पडद्यावर ठिपक्यांऐवजी आता पोलादपूरहून एकेक ओळ यायला लागली.

फणस आहे. वास आला तर समजून घ्या.

बरणी आडवी धरू नका, उभीच न्या.

संतोषला सांगा, आईचा फोन उचल.

आठ दिवसांनी नेलं तरी चालेल, पण हसून द्या, ती एकटीच असते.

दिलीपशेठनी हाताची घडी सोडली. खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ वाचत राहिले. "हे लोक आपल्याशी इतकं बोलतात?" त्यांनी विचारलं. वीस वर्षं ते महाडच्या ऑफिसात बसून होते. काउंटरवर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्यांनी वही पुन्हा कपाटात ठेवली. गोदाम हळूहळू मोकळं झालं. सुभाषच्या फुकट फेऱ्या थांबल्या, कारण कुठे आणि कधी द्यायचं ते आता स्टिकरवरच असायचं. इतर गाड्यांकडे गेलेली गिऱ्हाइकं परत आली, आणि सहा महिन्यांनी दिलीपशेठनी माणगावला नवीन काउंटर उघडलं तेव्हा उद्घाटनाला काकांच्या हातात नारळ दिला. काकांनी तो कानाशी धरून हलवला, पाणी आहे याची खात्री केली, मगच फोडला.

त्या दिवशी काका मला म्हणाले, "एकदा भाकरी खायला ये वाडीत." इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी गेले नव्हते. पुढच्याच आठवड्यात गेले.

कापड्यापर्यंत रस्ता चांगला आहे. तिथून वर चढ लागतो, आणि शेवटचा तुकडा चालतच जावं लागतं. मी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. डोंगराच्या कुशीत अकरा कौलारू घरं, अंगणं झाडलेली, तुळशीवृंदावनं सारवलेली. पण कुठे चाहूल नव्हती. एखाद्या चित्रात शिरावं तसं वाटत होतं. काका त्यांच्या ओटीवर बसले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला बाबांकडून माहीत होतं. मुलगा मुंबईला असतो. काका त्याच्याकडे राहायला गेले होते आणि आठ दिवसांत परत आले होते.

पाणी-बिणी झाल्यावर त्यांनी एका फडक्यात नाचणीचं पीठ, मीठ, मिरच्या, थोडं सुकट आणि काडेपेटी बांधली, आणि उठले. "चल, जेवायला जाऊ."

"कुठे?"

"आज सखारामाकडं."

मला वाटलं, शेजाऱ्यांकडे आमंत्रण आहे. तीन घरं ओलांडून आम्ही चौथ्या घरापाशी आलो. दाराला कुलूप होतं. काकांनी कमरेचा जुडगा काढला, त्यातली एक किल्ली न शोधता धरली आणि दार उघडलं. आत काळोख आणि थंडावा. उंबऱ्यावर थांबून ते म्हणाले, "आलो रे सखाराम," आणि आत गेले.

"ते कुठायत?" मी विचारलं.

"तो भांडुपला. शिमग्याला येतो नि गणपतीला." काकांनी खिडक्या उघडल्या. कोपऱ्यातली लाकडं चुलीत रचली. "घराला धूर लागला नाय तर वाशांना कीड लागते बाय. कौलं बसतात. म्हणून मी रोज एकेका घरात जेवतो. नऊ घरं हायत बंद. दहाव्या दिवशी माझ्या घरी."

चूल पेटली. धूर वर चढला, वाशांमधून रेंगाळला आणि कौलांतून बाहेर पडायला लागला. काका परातीत पीठ मळता मळता मला एकेका घराबद्दल सांगत होते, जसं कुणी पाहुणचाराबद्दल सांगावं. सखारामाकडचा तवा खोलगट, भाकरी चांगली फुगते. शेलारांकडची चूल फार धुरकट, तिथे जेवायचा कंटाळा येतो, पण जावं लागतं. शंकरच्या घरी ओटीवर वारा छान, तिथे ते जेवून थोडे लवंडतात. कुणाचं मीठ कुठल्या फळीवर असतं, हे त्यांना माहीत होतं.

"त्यांना ठाऊक आहे, तुम्ही हे करता ते?"

"किल्ली त्यांनीच दिलेय, लक्ष ठेव म्हणून. रोज जेवतो ते कशाला सांगायचं? हसतील."

बाहेरून हाक आली. म्हाताऱ्या बाईचा, लांबवर जाणारा आवाज. "कोण आलाय रे सखारामाकडं?"

काकांचे पीठ थापणारे हात थांबले. "पार्वतीकाकी," ते मला म्हणाले. "वाडीत ती नि मी, दोघंच. तिला नीट दिसत नाय. धूर तेवढा दिसतो. ज्या घराचा धूर दिसेल तिथं हाक मारते. तिला वाटतं, मुंबईचे आले. मी रोज सांगतो, कोण नाय गो, मीच हाय. मग बरं बरं म्हणते नि घरात जाते."

पुन्हा हाक आली. "कोण आलाय रे?"

काका उठले. हात फडक्याला पुसले. ओटीवर गेले आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडले, "पाव्हणी आलेय गो काकी! खरीच आलेय! ये भाकरी खायला!"

थोड्या वेळाने काठी टेकत म्हातारी आली. उजेडातून आत आल्यामुळे तिला काहीच दिसत नसावं. चाचपत ती माझ्याजवळ बसली. माझा हात हातात घेतला, बांगडी चाचपली, बोटं चाचपली.

"कुणाची गो तू?" तिने विचारलं.

मी काकांकडे बघितलं. ते चुलीकडे वळले होते.

"भागोजीकाकांची," मी म्हटलं.

"बरं बरं," म्हातारी म्हणाली, पण उठली नाही. तिथेच मांडी घालून बसली.

काका खाली वाकून चूल फुंकायला लागले. चूल चांगली पेटली होती, तरी ते बराच वेळ फुंकत राहिले.